वाचनाच्या तासाला नंदीबैल

सुखदानं वर्गात बढाई मारली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चौथी 'ब'मध्ये त्या दिवशी बढायांना ऊतच आला होता. एकीच्या वडिलांकडे मारुती होती, एकाचा काका दुबईत होता आणि एकाच्या आजोबांना म्हणे प्रत्यक्ष वाघ चावला होता. सुखदाकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तिचे बाबा बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या एका सरकारी कारखान्यात भांडार विभागात होते. म्हणजे नट कोणी नेला आणि बोल्ट कोणी परत केला नाही, हे दिवसभर लिहून ठेवणारे. तेव्हा तिनं ठोकून दिलं, "माझे बाबा रायटर आहेत. त्यांचं पुस्तक छापून आलंय."

यात खोटं काही नव्हतं. अजित वऱ्हाडपांडेनं नागपुरात असताना 'नंदी म्हणाला नाही' नावाचं मुलांचं एक पुस्तक खरंच लिहिलं होतं. मान डोलावून डोलावून कंटाळलेला एक नंदीबैल एके दिवशी प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणू लागतो आणि सगळ्या गावाचं गाडं अडून बसतं, अशी ती गोष्ट. आत चित्रं होती, मुखपृष्ठ रंगीत होतं आणि बऱ्याचशा प्रती पलंगाखाली होत्या. बदली होऊन बंगळूरला आल्यावर पलंग आला, प्रती आल्या, लेखक मात्र नागपुरातच राहून गेला, असं अजितला अधूनमधून वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सुखदाच्या वर्गशिक्षिका, हर्षिता मिस, घरी हजर. वयानं लहान, उत्साहानं दुप्पट. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इकडचंच, त्यामुळे मराठी बोलायच्या ती त्यांच्या घरची.

"अण्णा, शुक्रवारी वाचनाचा तास असतोय की आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "तुमी यायचं, पोरांत बसायचं, स्वल्प गोष्ट सांगायची. तेवढंच. चौथी 'ब' फक्त."

अजितची मान हलली. त्याचा स्वभावच तसा होता; समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मान हलायची. त्याची बायको आसावरी नेहमी म्हणायची, "अहो, आधी ऐकून तर घेत जा नं, लोक काय म्हणतात ते! परवा त्या विमेवाल्याचं नाव विचारायच्या आधी हो म्हणून बसलात."

जाता जाता हर्षिता मिसनी खरी गोष्ट सांगितली. शाळेचे सेक्रेटरी गिरीराज सर यांना वाचनाचा तास बंद करायचा होता. त्यांनी नुकतेच शाळेसाठी कंप्यूटर घेतले होते आणि 'गोष्टी वाचून कोण इंजिनियर होतंय?' असा त्यांचा सवाल होता. "तास गेला तर पोरांची पेटीतली पुस्तकं पेटीतच ऱ्हानार," हर्षिता मिस म्हणाल्या. "लेखक आला, पोरं खूश झाली, तर कदाचित वाचंल."

आता हा मामला साधा राहिला नाही. साहित्य संकटात होतं आणि साहित्यानं अजितकडे पाहिलं होतं. त्या रात्री त्यानं जेवताना दोनदा घसा खाकरला. आसावरीनं त्याच्यापुढे मधाची बाटली ठेवली.

खालच्या मजल्यावर घरमालक हयवदनराव राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले, कपाळाला गोपीचंदन, घरात मराठी, बाहेर कन्नड आणि रागावले की इंग्रजी. त्यांना बातमी कळायला जिना उतरण्याएवढाही वेळ लागला नाही.

"मराठीत वाचणार तुम्ही? त्या शाळेत?" ते म्हणाले. "पोरं कन्नड, तमिळ, तेलुगू. कोणाला काय कळतंय की? ते बेडा, नको. मी करून देतो कन्नडात."

मान हलली.

हयवदनरावांनी भाषांतर मनावर घेतलं. 'एक होता नंदीबैल' या तीन शब्दांचं त्यांनी पान-सव्वा पान केलं. ते स्वतः अजितला वाचून दाखवायला वर आले. अजितचं कन्नड भाजीपुरतं होतं आणि त्या सबंध वाचनात एकाही भाजीचं नाव आलं नाही, त्यामुळे त्याला काडीचंही कळलं नाही. त्यानं "वा" म्हटलं. नंतर हर्षिता मिसनी ते कागद वाचले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"अण्णा, हे कन्नड माझ्या आजोबांच्या आजोबांना कळलं असतं," त्या म्हणाल्या. "आनि शेवटी नंदी माफी मागतोय. वडिलधाऱ्यांचं ऐकावं म्हनतोय."

अजितच्या काळजात कळ आली. त्याच्या गोष्टीत नंदी कोणाचीही माफी मागत नव्हता. तो खाली गेला, चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या आणि शक्य तितक्या नम्रपणे म्हणाला, "हयवदनराव, शेवट जरा... उलटा झालाय का?"

"उलटा नव्हे हो," हयवदनराव म्हणाले. "पूर्ण झालाय. तुम्ही अर्धवट सोडली होती." आणि कॉफी आली, त्यामुळे विषय संपला.

इकडे शाळेत मुख्याध्यापिका कावेरी मॅडमना या सगळ्याचा पत्ता लागला. शेजारच्या एका शाळेत महिन्यापूर्वी दिल्लीहून कोणी लेखक येऊन गेला होता. त्यानं मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली होती आणि प्रत्येक मुलाला पुस्तकात ठेवायची रंगीत पट्टी दिली होती. हे शल्य मॅडमच्या मनात होतंच. त्यांनी अजितला बोलावून घेतलं. वर्गात कशाला? मैदानात. चौथी 'ब' कशाला? अख्खी शाळा. मांडव, माईक, प्रमुख पाहुणे गिरीराज सर. "पण नुसतं वाचून नाही चालणार, सार," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "काहीतरी ॲक्टिव्हिटी पाहिजे. लाइव्ह."

मान हलली. ही लाइव्ह ॲक्टिव्हिटी काय असते, हे विचारायचं राहिलंच.

ते हयवदनरावांना माहीत होतं. "गोष्ट नंदीची ना? मग नंदी आणा की! आपला गुंडू येतोय ना सोमवारचा, देवनहळ्ळीकडून. त्याचा बसवा आणायचा. झालं."

गुंडूचा बसवा त्या भागात प्रसिद्ध होता. शिंगांना पितळी टोपणं, पाठीवर आरसे लावलेली रंगीबेरंगी झूल, गळ्यात घुंगरांचा पट्टा आणि चेहऱ्यावर सबंध जगाला माफ केल्यासारखा भाव. गुंडू ढोलकं वाजवून प्रश्न विचारी, बसवा मान हलवून उत्तर देई आणि बायका सुपातून तांदूळ घालत. समोरच्या मालनबाईंच्या मुलाला नोकरी लागणार, हे बसवानं नोकरी देणाऱ्यांच्याही आधी सांगितलं होतं. गुंडू आनंदानं कबूल झाला. आपल्या बैलावर पुस्तक निघालंय, असा त्याचा समज करून देण्यात आला होता. त्यानं ते पुस्तक बैलाला दाखवलं. बैलानं मुखपृष्ठ चाटलं.

पण शहरात शाळेच्या आवारात बैल न्यायचा, तर परवानगी हवी, असं कोणीतरी सुचवलं. ज्यांनी सुचवलं त्यांचं नाव पुढे कधी सापडलं नाही. अजित अर्ध्या दिवसाची रजा काढून एका कचेरीत गेला. टेबलामागच्या कारकुनानं अर्ज तीनदा वाचला.

"सर्कस आहे का?" त्यानं हिंदीत विचारलं.

"नाही."

"गुरांचं प्रदर्शन?"

"नाही हो. पुस्तकाचं वाचन आहे."

कारकुनानं चष्मा काढला. "बैल वाचणार?"

"मी वाचणार," अजित म्हणाला आणि आपण काय बोलतोय हे कळायच्या आत त्यानं पुढे जोडलं, "बैल ऐकणार."

शेजारच्या टेबलावरची माणसं उठून आली. चर्चा झाली. बैलानं ऐकणं ही बाब कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. मिरवणूक म्हणावं, तर बैल एकाच जागी उभा राहणार. करमणूक म्हणावं, तर कर लागणार. शेवटी एका वयस्क साहेबांनी तोडगा काढला आणि अर्जावर 'स्नेहसंमेलन, पशुसह' असा शेरा पडला. आता जनावर निरोगी असल्याचा दाखला तेवढा हवा होता. जनावरांच्या डॉक्टरांनी बसवाला सगळीकडून पाहिलं, त्याच्या जिभेचं कौतुक केलं आणि मग अजितकडे वळून विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना? फार घाम येतोय."

शुक्रवार उजाडला. आसावरीनं त्याला लग्नातला रेशमी झब्बा घालायला लावला. लग्नानंतर अजितनं प्रगती केली होती आणि झब्ब्यानं केली नव्हती, त्यामुळे श्वास वरच्या वर घ्यावा लागत होता. मालनबाईंनी, लेखक म्हटला की खांद्याला झोळी पाहिजे म्हणून, आपली भाजीची पिशवी धुऊन दिली. तिच्यात एक कढीपत्त्याची काडी होती, ती त्याला व्यासपीठावर सापडली.

शाळेच्या फाटकावर कापडी फलक होता: 'सुप्रसिद्ध बालसाहित्यिक श्री. वरद पांडू यांचे हार्दिक स्वागत.' अजित खाली उभा राहून आपल्या नावाचं काय झालं ते पाहत होता, तेवढ्यात सुखदानं मागून हात ओढला. "बाबा, चला ना, सगळे बघतायत. आणि तुम्ही आज पांडूच आहात असं दाखवा, नाहीतर मिसना वाईट वाटेल."

मांडवात गिरीराज सर आधीच येऊन बसले होते. यशवंतपूरच्या बाजारातले कांद्या-बटाट्याचे मोठे व्यापारी. अंगानं भरदार, पांढरा सफारी, पायात चकचकीत बूट. त्यांनी अजितचा हात हातात घेऊन दाबला आणि त्यांच्या घरच्या मराठीत म्हणाले, "या अण्णा. तुमचं होऊ दे, मग मी कंप्यूटरचं जाहीर करतो. शुक्रवारचा हा तास आता त्याला देणार. नंतर तुमाला खोली दाखवतो. एसी आहे."

अजितनं हर्षिता मिसकडे पाहिलं. त्या दुसरीकडे पाहू लागल्या.

आणि हयवदनराव परिचय करून द्यायला उठले. परिचय नागपूर शहराच्या स्थापनेपासून सुरू झाला. ऊन चढलं. पहिलीची पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपली. मधूनच माईक कुत्र्याचं शेपूट चेंगरल्यासारखा ओरडे, तेवढीच जाग येई. लेखकाची मुंज अजून व्हायची होती आणि तेवढ्यात फाटकातून ढोलक्याचा आवाज आला.

सगळी शाळा उभी राहिली. बसवा आला होता. काय त्याचा थाट! झुलीवरचे आरसे उन्हात लखलखत होते, घुंगरं वाजत होती आणि तो असा चालत होता, की प्रमुख पाहुणे कोण, याबद्दल कोणालाही शंका राहू नये. गिरीराज सरांनी स्वतः उठून हात जोडले. कावेरी मॅडमनी कुंकू लावलं आणि हळूच विचारलं, दहावीचा निकाल शंभर टक्के लागेल का? बसवानं मान डोलावली. टाळ्यांचा कडकडाट झाला. हयवदनराव माईकवर बोलतच होते. लेखकाची मुंज कोणाच्याही लक्षात न येता पार पडली.

खेळ झाल्यावर शाळेच्या मावशींनी गुंडूला उप्पिट खायला मागे नेलं. त्यानं बैलाला जास्वंदीच्या झाडाला बांधलं. जास्वंदीचं झाड हे बैल बांधायचं झाड नव्हे. बसवानं आधी फुलं खाल्ली, मग फांदी खाल्ली आणि दोरी बांधायला काही शिल्लक न राहिल्यावर तो गार हवेच्या दिशेनं चालू लागला.

गार हवा कंप्यूटरच्या खोलीतून येत होती. पाहुण्यांना दाखवायची म्हणून तिचं दार त्या दिवशी उघडं ठेवलं होतं. शाळेतली ती एकच थंड खोली. जमिनीवर गालिचा, कंप्यूटरवर फुलाफुलांची आच्छादनं आणि दाराबाहेर पाटी: 'कृपया पादत्राणे काढून आत यावे.' बसवा पादत्राणांसकट आत गेला.

"मिस, बसवा कंप्यूटर शिकायला गेला!" कोणीतरी ओरडलं आणि चौथी 'ब' उधळली. पण शिस्त ती शिस्त. दाराशी येऊन सगळ्यांनी आधी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, बुटांची नीट रांग लावली आणि मग पोरं आरडाओरडा करत आत घुसली. त्यांच्यामागे गिरीराज सर धावले. त्यांनीही बूट काढले; तो नियम त्यांनीच केला होता. पोरीला बैल तुडवील म्हणून अजित घुसला आणि अजितला काही होईल म्हणून हर्षिता मिस.

एवढी गर्दी पाहून बसवा शांतपणे वळला, दारापर्यंत आला, गार हवेत एक दीर्घ निःश्वास सोडला आणि दारातच बसला. खोलीला दुसरं दार नव्हतं.

"एळप्पा, बसवण्णा," गिरीराज सर हात जोडून म्हणाले. "ऊठ रे बाबा."

बसवानं मान आडवी हलवली. पोरं खिदळली.

ढकलायची कोणाची टाप नव्हती. देवाचा बैल! बाहेरून मावशींनी केळं दाखवलं. बसवानं केळं घेतलं आणि बसून राहिला. गुंडूला बोलवावं, तर तो उप्पिट खाऊन पलीकडच्या गल्लीत तांदूळ मागायला गेला होता. शिपाई त्याला शोधायला पळाला.

आत आता गडबड सुरू झाली. एक मुलगा टेबलाखाली शिरला, एकीला रडू येऊ लागलं, कोणीतरी एक आच्छादन ओढलं आणि गिरीराज सर कंप्यूटरपुढे हात पसरून उभे राहिले. अजितनं झोळीत हात घातला. पुस्तक व्यासपीठावर राहिलं होतं. हयवदनराव खिडकीबाहेर आले होते आणि भाषांतराचे कागद काचेवर दाबून धरत होते. तोंड हलत होतं, आवाज काही येत नव्हता.

"बाबा," सुखदा म्हणाली, "सांगा ना."

अजितनं खिडकीकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं आणि मग काही दिसलंच नाही अशा चेहऱ्यानं पाठ फिरवून गालिच्यावर मांडी घातली. झब्बा बगलेत टर्रकन उसवला. श्वास एकदम मोकळा झाला.

"एक नंदीबैल होता," तो म्हणाला. मग भाजीबाजाराचं सगळं कन्नड गोळा करून, "ओंदु बसव इत्तु."

"इत्तु नाही सार, इदे!" पोरं ओरडली आणि दाराकडे बोटं दाखवली. होता काय म्हणता, हा काय इथं आहे!

"इदे," अजितनं मान्य केलं. रडणारी मुलगी रडायची थांबली.

मग तो सांगत गेला. मराठी, कन्नड, इंग्रजी, जे हाताला लागेल ते. अडलं की हर्षिता मिस शब्द पुरवायच्या. पाटील कसा चालतो, ते त्यानं चालून दाखवलं. नंदीला माश्या कशा त्रास देतात, ते कान हलवून दाखवलं. आपल्याला कान हलवता येतात, हे त्याला बारा वर्षांच्या संसारात कोणाला सांगायची संधी मिळाली नव्हती. पोरं सरकत सरकत त्याच्या गुडघ्यांना येऊन चिकटली. टेबलाखालचा मुलगाही बाहेर आला.

"मग पाटलानं विचारलं, यंदा पाऊस पडेल का? आणि नंदी म्हणाला..."

"इल्ला!" सगळे ओरडले. पुस्तकाच्या नावातच ते 'नाही' होतं.

आणि दारातल्या बसवानं, माशी बसली म्हणून म्हणा किंवा साहित्याची जाण म्हणून म्हणा, खालपासून वरपर्यंत भरघोस मान डोलावली.

"हौदु म्हणतोय! हो म्हणतोय!"

अजित थबकला. छापील पानावर 'नाही' होतं, जाड अक्षरांत, उद्गारचिन्हासह. लेखकाला त्याच्या नायकानंच भर सभेत खोटं पाडलं होतं. आता शब्दावर ठाम राहावं की...

"पडला मग पाऊस," कोपऱ्यातून गिरीराज सर म्हणाले. ते अजून कंप्यूटरपुढे उभे होते, पण हात खाली आले होते. "बसवण्णा खोटं सांगत नाही."

"पडला," अजित म्हणाला. आणि पाऊस पडला. छापील गोष्ट तिथंच सुटली. पुढची गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती आणि याचा त्याला इतका आनंद झाला, की तो उठून उभाच राहिला. "असा पडला, असा पडला, की ओढा रस्त्यावर आला, शाळेला सुट्टी मिळाली..."

पोरांनी आनंदानं आरोळी ठोकली.

"...आणि पाटलाच्या अंगणात नुकताच काढलेला कांदा वाळत पडला होता, त्यावर धो धो..."

"काय सांगता!" गिरीराज सर खाली बसलेच. "उघड्यावर? किती पोती?"

"पुष्कळ," अजित म्हणाला.

"अय्यो! कांदा भिजला की संपलं हो! कोंब येतात! झाकायला काही होतं का नाही त्याच्याकडं?"

मग झाकायचं कशानं, यावर सगळा वर्ग तुटून पडला. एक म्हणाला, गावातल्या सगळ्या छत्र्या. एक म्हणाली, आईच्या साड्या. मग साड्या कमी पडल्या म्हणून आजीच्या. दुबईच्या काकाकडून विमान मागवावं, असं एकाचं मत पडलं. गिरीराज सरांनी ते सगळं खोडून काढलं. ताडपत्रीच पाहिजे, बाकी कशानं कांदा वाचत नाही. पण पावसात ताडपत्री आणायला तालुक्याला जाणार कोण? सगळ्यांची तोंडं एकदम बसवाकडे वळली. बसवानं मान डोलावली. अजितनं नंदीला पाण्यात उतरवलं. ओढ्याचं पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग पोटापर्यंत, मग झुलीचे आरसे बुडाले...

नेमकं तेव्हाच बाहेर ढोलकं वाजलं. गुंडू सापडला होता. तो आवाज ऐकताच बसवा उठला, अंग झटकलं, घुंगरं वाजवत बाहेर निघून गेला. दार रिकामं झालं. गालिच्यावरून कोणीही हललं नाही.

दारात कावेरी मॅडम उभ्या होत्या. एका हातात शाल, दुसऱ्या हातात नारळ, केसांत मांडवातली झेंडूची पाकळी. "सार, चला बाहेर, सगळे थांबलेत," त्या गिरीराज सरांना म्हणाल्या. "सत्कार करायचाय. आणि शुक्रवारचा तास कंप्यूटरला द्यायचा, ते तुम्ही जाहीर..."

"मॅडम," गिरीराज सर मांडी न मोडता म्हणाले, "तिकडं कांदा भिजायलाय आणि तुमाला जाहीर करायचं सुचतंय? शुक्रवारचा तास हा असाच ऱ्हाऊ दे. कंप्यूटर दुसऱ्या दिवशी बघू. आता आत या, नाहीतर बाहेर थांबा, पण दार लावा. थंड हवा जायलीय."

कावेरी मॅडमनी क्षणभर विचार केला, चपला काढल्या, आत आल्या आणि दार लावून घेतलं.

"हं, अण्णा," गिरीराज सर अजितकडे सरकत म्हणाले, "ताडपत्री मिळाली का नाही?"